"तू कोणाची गं?"

"आजकालच्या पोरांना चारचौघांत बोलता येत नाही, सदा मोबाईलमध्ये डोकं." लग्नात, एसटीत, पारावर, जिथं जावं तिथं हे ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. पोरं गप्प असतात हे खरं, पण त्याचं खापर मोबाईलवर फोडू नका. त्यांनी बोललेलं आपल्याला चालत नाही.

१ मे ची आमची ग्रामसभा. नव्या टाकीचं काम होऊनही नळाला पाणी चार दिवसांआड का येतं, हे विचारायला बीएस्सीला असलेली एक मुलगी उभी राहिली. हातात वहीचं पान, प्रश्न लिहून आणलेला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आतच पुढच्या खुर्चीवरून आवाज आला, "तू कोणाची गं?" तिनं वडिलांचं नाव सांगितलं. "मग त्यालाच पाठवायचं की." हशा पिकला. पोरीनं पानाची घडी घातली आणि खाली बसली. प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, तिच्या प्रश्नाची एक ओळसुद्धा नाही.

मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताचा हक्क आहे, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं. त्या मांडवात बोलायला तिला बापाची चिठ्ठी लागत नाही! मुख्य सभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असाही नियम आहे. आमच्याकडे रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, झाली सभा.

हीच मुलगी शाळेत असताना २६ जानेवारीला जिजाऊंवर खणखणीत भाषण करायची. अख्खा गाव टाळ्या वाजवायचा. म्हणजे धीटपणा होताच ना? पाठ केलेलं भाषण आपल्याला आवडतं, कारण त्याला उत्तर द्यावं लागत नाही.

कॉलेजात तरी कुठं शिकायला मिळतं? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्यानं त्या परत आणल्या, पण मतदान लांबतच गेलं. प्रचार करणं, हरणं, हरल्यावर पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसणं, यातलं काहीच न करता पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यात गावाकडचा पोरगा शहरात बोलायला उभा राहिला की त्याच्या 'न'-'ण' वरून मागच्या बाकावर खसखस पिकते. तो पुढची तीन वर्षं हात वर करत नाही. आणि मग आपणच त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवतो, पैसे भरून.

शिबिरं घ्यायचीच तर ती पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांची घ्या.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना लेखी अर्ज देतोय. विषयपत्रिका आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पहिला अर्धा तास पंचविशीच्या आतल्यांना बोलू द्या. विचारणाऱ्याच्या नावानिशी प्रश्न प्रोसिडिंगला घ्या आणि पुढच्या सभेत त्याचं उत्तर वाचून दाखवा. अर्जावर सही करायला कोण कोण येतंय, खाली सांगा. पोरांनो, तुम्ही आधी या.