वाद घालायला हक्काची खोली

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा शेवटच्या दिवशी परिसंवाद होता. विषय, पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको. सरकारने २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे निर्णय मागे घेतले, तरी गावात चर्चा थांबली नव्हती, म्हणून विषय ठेवलेला. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. चार दिवस उरले असताना कार्यकारिणीने परिसंवाद रद्द केला आणि त्या जागी ताणतणावमुक्तीवर एक विनोदी व्याख्यान ठेवलं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी कारण विचारलं. उत्तर आलं, "वाचनालय वाचायची जागा आहे, वाद घालायची नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात माझ्याच वर्गातले सहाजण.

मी ते चेक देशातल्या ब्रनो शहरात, शालिनात म्हणजे इथल्या ट्राममध्ये बसून वाचलं आणि माझं डोकं फिरलं. कारण त्या संध्याकाळी मी वाद ऐकायलाच निघाले होते, आणि तोही वाचनालयात.

ब्रनोतल्या कोउनित्सोवा रस्त्यावर मोराव्स्का झेम्स्का क्निहोव्ना, म्हणजे आमचं प्रांतिक ग्रंथालय आहे. कादंबरीकार मिलान कुंदेरा ब्रनोचे. १९७५ साली फ्रान्सला गेले, १९७९ साली त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, ते परत मिळायला २०१९ उजाडलं. शेवटी त्यांनी पॅरिसच्या घरातली पुस्तकं आणि कागदपत्रं या ग्रंथालयाला दिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे त्यांच्या नावाचा विभाग उघडला आणि जुलैमध्ये ते गेले. आमच्याकडे असा लेखक गावाला पुस्तकं देता तर आपण काय केलं असतं? पुतळा, नामकरण, शाल आणि नारळ. इथे लोक त्या विभागाच्या आवारातच त्यांच्याबद्दल भांडतात. २००८ साली एका साप्ताहिकाने कम्युनिस्ट राजवटीतल्या, १९५० च्या एका पोलिसी कागदाच्या आधारावर लिहिलं होतं, की तरुणपणी कुंदेरांनी एका माणसाची खबर पोलिसांना दिली. कुंदेरांनी ते साफ नाकारलं. तो कागद अजून या शहराच्या घशात अडकलेला आहे.

त्या संध्याकाळी विषय साहित्याचा होता, पण गाडी तिकडे वळलीच. तपकिरी स्वेटर घातलेले एक आजोबा उभे राहिले. हातात चौकटीच्या वहीचं पान, त्यावर मुद्दे लिहून आणलेले. त्यांच्या वडिलांना पन्नासच्या दशकात तुरुंगात टाकलं होतं. ते म्हणाले, मला या लेखकाची एक ओळही वाचवत नाही, आणि माझ्या करातून त्याची पुस्तकं इथे ठेवलीत हे मला पटत नाही. दोन रांगा मागे बसलेल्या एक बाई त्यांच्याहून थोड्याच लहान असतील. त्या म्हणाल्या, पोलिसांनी लिहिलेलं सगळं खरं मानायचं तर आपण चाळीस वर्षं कशासाठी सोसलं? सूत्रसंचालकाने कुणालाही थांबवलं नाही, फक्त माइक पुढे सरकवला. वीस मिनिटं हे चाललं. आवाज चढले नाहीत, पण कुणी माघारही घेतली नाही. संपल्यावर शात्नाच्या, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीच्या रांगेत दोघं एकमेकांच्या पुढे-मागे उभे होते. बाईंचा कोट जड होता, बाही सापडेना. आजोबांनी कोट धरला, त्यांनी हात घातला, आणि "ना स्ख्लेदानोउ", म्हणजे पुन्हा भेटू, म्हणून दोघं दोन दिशांना गेले.

हे मी ग्रुपवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, "तिकडचं इकडे सांगू नकोस. तिथे ग्रंथपालाला सरकारी पगार, इथे सेवक अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत बसतात."

खरं आहे. मला ते माहीत आहे. १९६७ च्या आपल्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्ग पडले, त्याप्रमाणे अनुदान येतं, तेही उशिरा, आणि आमच्या वाचनालयातल्या मावशींना जे हातात पडतं तेवढ्यात ब्रनोत महिन्याचा पासही निघणार नाही. चेक लोकांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. तेव्हाचा चेकोस्लोव्हाकिया १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये जन्मला आणि १९१९ च्या जुलैमध्ये कायदा झाला, की प्रत्येक गावाने सार्वजनिक ग्रंथालय काढलंच पाहिजे. नव्या देशाने पहिल्या वर्षात जी कामं केली त्यात हे एक. आज एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या चेक देशात पाच हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. पण पैशाचा आणि भित्रेपणाचा संबंध काय? परिसंवादाला किती खर्च येतो? सतरंजी आहे, खुर्च्या आहेत, पंखा आहे. वक्ते गावातलेच होते, मानधन नको म्हणाले होते.

आणि वाद घालणं ही तिकडची गोष्ट कधीपासून झाली? पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तेव्हा चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश नकाशावर नव्हता. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. प्राग महापालिकेचं ग्रंथालय १८९१ साली उघडलं. व्याख्यानानंतर श्रोत्यांतून चिठ्ठी यायची, कुणी उठून "अध्यक्षांच्या परवानगीने" म्हणत वक्त्याला आडवं घ्यायचं, हे मी स्वतः आमच्या त्याच हॉलमध्ये पाहिलेलं आहे. मी बारा वर्षांची असताना बाबांनी मला धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरच्या चर्चेला नेलं होतं. अर्धा कप चहा, पार्ले बिस्किट, आणि रात्री साडेदहापर्यंत भांडण. आभारप्रदर्शन झालं तरी लोक पायऱ्यांवर बोलत उभे होते. त्या वाचनालयाने मला वाचायला शिकवलं नाही, ते शाळेने शिकवलं. वाचनालयाने मला उलट विचारायला शिकवलं.

इथल्या लोकांना हे कळतं, कारण त्यांच्याकडून ते एकदा हिसकावून घेतलं गेलं होतं. प्रागमध्ये सेनोवाझ्ने चौकात लिब्री प्रोहिबिती नावाचं ग्रंथालय आहे, यिर्झी ग्रुन्तोराद यांनी १९९० साली काढलेलं. कम्युनिस्ट राजवटीत बंदी असलेली पुस्तकं लोक घरी टाइप करायचे, पातळ कागद आणि मध्ये कार्बन घालून, एका वेळी निघतील तितक्या प्रती. शेवटची प्रत इतकी पुसट की खिडकीपाशी नेऊन वाचावी लागे. ग्रुन्तोरादांनी अशा कामापायी १९८० च्या दशकात चार वर्षं तुरुंगात काढली. मी तिथे एकदा गेले होते. त्या पुसट पानांवरून बोट फिरवलं की टाइपरायटरचा ठसा लागतो. चर्चा तेव्हा लोकांच्या घरात, पडदे ओढून व्हायच्या. आता प्रागमध्येच, माजी राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांच्या नावाच्या ग्रंथालयात संध्याकाळी दार उघडं ठेवून होतात, आणि रेकॉर्डिंग कुणीही घरी बसून बघावं म्हणून नेटवर टाकतात. आमच्या कार्यकारिणीला पोलीस आले नव्हते. कुणी धमकी दिली नव्हती. कुणाला वाईट वाटेल या नुसत्या कल्पनेने त्यांनी आपणहून पडदे ओढले. मला राग त्याचा आहे.

इथेही सगळं छान नाही. प्रागमधल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नव्या इमारतीची स्पर्धा वास्तुरचनाकार यान काप्लित्स्की यांनी २००७ साली जिंकली. हा माणूस १९६८ साली लंडनला गेलेला, परत येऊन आपल्या शहरात एक इमारत बांधू पाहत होता. लोक तिला ऑक्टोपस म्हणू लागले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव क्लाउस उघड विरोधात उभे राहिले, दोन वर्षं भांडण झालं. काप्लित्स्की २००९ च्या जानेवारीत गेले आणि इमारत उभी राहिलीच नाही. पण माझ्या ऑफिसातली चाळिशीची बाई आजही सांगते, की ती तेव्हा कुठल्या बाजूने होती आणि का. भांडण हरल्यावरही तिच्याकडे तिची बाजू उरली आहे. परिसंवाद रद्द झालेल्या माणसाकडे काय उरतं?

इतकं सगळं मी ग्रुपवर लिहिलं असतं, पण वर्गातल्या एका मैत्रिणीने खासगीत विचारलं, "तू तिथे बोलतेस का गं कधी?"

नाही बोलत. अकरा वर्षं मी या शहरात आहे, पंधरवड्याला एखादी तरी चर्चा ऐकते, आणि एकदाही हात वर केलेला नाही. माझं चेक दुकानात, डॉक्टरकडे, मुलीच्या शाळेत चालतं. वादात चालत नाही. मनात वाक्य जुळवेपर्यंत सातवी विभक्ती आडवी येते, ती सोडवेपर्यंत माइक तीन माणसं पुढे गेलेला असतो. कुंदेरांच्या त्या संध्याकाळी मला बोलायचं होतं. मला म्हणायचं होतं, की ज्याला देशाने बाहेर काढलं त्याने चाळीस वर्षांनी आपली पुस्तकं परत पाठवली, ती माफी मागण्यासाठी की माफ करण्यासाठी, हे आधी ठरवू या. मराठीत हे मी उभं राहून म्हटलं असतं, आजोबांच्या डोळ्यांत बघून. तिथे मी पर्सचा पट्टा धरून बसले. १९१९ च्या त्या कायद्यात गावातल्या अल्पसंख्य भाषिकांसाठीही ग्रंथालयाची तरतूद होती. पण कपाटं मिळाली तरी ऐकणारे कुठून आणायचे? माझ्या भाषेत मला उलट उत्तर देणारी माणसं एका हॉलमध्ये बसलेली आहेत ती फक्त तिकडे, आणि ती म्हणतात वाद नको.

शेवटी मी काकांना फोन केला. ते वाचनालयाचे कार्यवाह, बाबांचे मित्र, मला फ्रॉकमध्ये पाहिलेले. मी पंधरा मिनिटं बोलले. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी विरोधात मत दिलं होतं गं. चार विरुद्ध सात."

मला काय बोलावं सुचेना. मी सॉरी म्हटलं.

"ते राहू दे. तुझी लेक आता नऊ वर्षांची ना? मराठी बोलते?"

"बोलते ना काका. छान बोलते. जेवायला दे, झोप आलीय, आजीला फोन लाव, सगळं."

"आणि भांडते कुठल्या भाषेत?"

मागच्या वसंतात ती शाळेबरोबर वाचनालयात अँडरसनच्या रात्रीला, म्हणजे मुलांनी पुस्तकांत रात्र काढायच्या कार्यक्रमाला, झोपायला गेली होती. स्लीपिंग बॅग, टॉर्च, कपाटांच्या मधल्या जागेत पंचवीस मुलं. सकाळी न्यायला गेले तर कुठल्या गोष्टीचा शेवट बरोबर यावरून दोघा मुलांशी हमरीतुमरीवर आली होती, आणि ग्रंथपाल बाई शेजारी बसून शांतपणे दोन्ही बाजू ऐकत होत्या. मला अर्धंच कळलं होतं.

"चेकमध्ये," मी म्हटलं.

"तुझ्याशीसुद्धा?"

"माझ्याशीसुद्धा."

काका जरा वेळ गप्प राहिले. मागे त्यांच्याकडे कुकरची शिटी झाली. मग म्हणाले, "मे महिन्यात येशील तेव्हा तिला घेऊन ये. परिसंवाद मी परत मांडणार आहे कार्यकारिणीत. झाला तर तुम्ही दोघी पुढच्या रांगेत बसा. नाही झाला तर पायऱ्यांवर घेऊ."