मोर्वाँचा मुरूम

परवा मावसभावाचा पुण्याहून मेसेज आला. "ताई, मे महिन्यात येतोय. फ्रान्समध्ये ग्रॅव्हल करायचंय. टायर चाळीसचे पुरतील का पंचेचाळीसचे लागतील?" सोबत एक रील. धुक्यातला कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना सरळसोट उंच झाडं, मधोमध एकटा सायकलवाला, मागे पियानो. वर लिहिलंय, 'अनटच्ड नेचर'.

ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्यांवरून सायकल चालवणं, आणि चाळीस-पंचेचाळीस म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. टायरचं उत्तर एका ओळीत देऊन टाकलं. पंचेचाळीसचे घे, ट्यूबलेस कर, हवा जरा कमी ठेव. पण त्या 'अनटच्ड'वर दोन दिवस धुसफुसतेय, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

रील मोर्वाँचं होतं. फ्रान्सच्या बर्गंडी भागाच्या मधोमध असलेला हा डोंगराळ, जंगली तुकडा. सगळ्यात उंच माथा 901 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून जरा जास्त. पॅरिसच्या बर्सी स्टेशनवरून मोर्वाँच्या उत्तर टोकाच्या अव्हालों गावाला ट्रेन जाते. गेली चार वर्षं सलग सुट्टी मिळाली की सायकल घेऊन मी तीच पकडते. स्टेशनवरून उतारावर सुटलं की दहा-पंधरा मिनिटांत कूझँ नदीच्या दरीत. अरुंद दरी, जुन्या पाणचक्क्यांच्या इमारती, शेवाळलेले दगड आणि सावलीतला रस्ता. मग दक्षिणेकडे चढत कारे-ले-तोंब. या गावात चर्चभोवती शंभराहून जास्त दगडी शवपेट्या आणि त्यांची झाकणं उघड्यावर मांडून ठेवलेली आहेत, आणि त्यांच्यासमोर बसून लोक निवांत कॉफी पितात. मीपण पिते.

खरी गंमत त्याच्या पुढे. मोर्वाँ ग्रॅनाइटचा आहे. ग्रॅनाइट कुजून जो भुसभुशीत, खरखरीत माल होतो त्याला भूगर्भवाले काहीही म्हणोत, सातारा-कोल्हापूरकडचा माणूस त्याला बघताक्षणी मुरूमच म्हणेल. पाणी धरून ठेवत नाही. रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी टायरखाली कुरकुर कुरकुर आवाज करत जाता येतं. मात्र उत्तरेला व्हेझलेच्या टेकडीकडे गेलात की ग्रॅनाइट संपतो, चुनखडक आणि चिकण माती सुरू होते. एकदा पावसानंतर तिथल्या शेतवाटेत शिरले, तर दोनशे मीटरवर चाकं जाम. फोर्क आणि टायरच्या मधला चिखल काटकीने खरवडत बसले होते, आणि कुंपणापलीकडच्या पांढऱ्या शारोले गाई एका रांगेत उभ्या राहून बघत होत्या. तेव्हा टायरपेक्षा आधी खडक विचारावा, असं माझं मत आहे. पण खडकावर रील निघत नाही.

आता त्या रस्त्यांबद्दल. गावाजवळचे कच्चे रस्ते बहुतेक 'शमँ रुराल'. आपल्याकडची पाणंद म्हणा. मालकी ग्रामपंचायतीसारख्या तिथल्या 'कम्यून'ची, वापर सगळ्यांचा. दोन्ही बाजूंना झाडोऱ्याचं कुंपण आणि वाट मधोमध खाली दबलेली, शतकानुशतकं बैलगाड्यांनी घासून घासून. मोर्वाँचे गाडीवान, 'गाल्व्हाशे' म्हणायचे त्यांना, बैलजोड्या घेऊन वसंतात घर सोडायचे आणि महिनोन्महिने परमुलखात लाकडं ओढायचे. आणि बांध कोरणं हा काही फक्त आपलाच छंद नाही बरं का. नकाशावर वाट ठसठशीत दिसते आणि जागेवर जावं तर नांगरलेलं शेत. कितीतरी वाटा अशाच गिळल्या गेल्यात.

जंगलातले रुंद, छान दाबलेले रस्ते मात्र वेगळे. ज्यावर सगळे ग्रॅव्हलवाले फिदा असतात ते. ते सायकलसाठी केलेले नाहीत, चालणाऱ्यांसाठीही नाहीत. ते ओंडक्यांच्या ट्रकसाठी आहेत. वळण एवढं मोठं का? लांब ट्रेलर फिरायला हवा. मध्येच मैदानाएवढी मोकळी जागा का? ओंडके रचायला. आणि रीलमधली ती सरळसोट, एका मापाची, एका रांगेतली झाडं म्हणजे डग्लस फर. हे झाड मुळात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये सरकारने वनलागवडीसाठी खास निधी काढला आणि मोर्वाँत बीच-ओकचं जुनं पानझडी जंगल तोडून ठिकठिकाणी ही लागवड झाली. आपल्याकडे सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली नीलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तसंच समजा. खाली गवताचं पातं नाही, पक्ष्याचा आवाज नाही. दिसायला मात्र देवळाच्या खांबांसारखं भारी.

नदीचंही तेच. क्यूर आणि योन या इथल्या नद्यांनी सोळाव्या शतकापासून पॅरिसच्या चुली पेटवल्या. हिवाळ्यात तोडलेलं सरपण, प्रत्येक ओंडक्याच्या डोक्यावर मालकाची खूण हातोड्याने ठोकलेली, ओढ्याकाठी रचून ठेवायचे. वरची तळी फोडून पाण्याचा लोंढा सोडला की सगळ्यांचे ओंडके एकत्र, सुटे, प्रवाहात. खाली क्लामसीला गावच्या गाव आकडे घेऊन पाण्यात. ओंडके काढायचे, खुणा बघून ज्याचे त्याला लावायचे, मग त्यांचे सत्तरेक मीटर लांबीचे तराफे बांधून पॅरिसला न्यायचे. तराफ्यावर एक माणूस आणि अर्ध्या वाटेपर्यंत मदतीला एक पोरगा. पोरगा तिथून चालत घरी. 1923 पर्यंत हे ओंडके वाहत होते. आज ज्याच्या काठी पेडलबोट आणि वॅफल मिळतात ते सेतोंचं तळं 1850च्या दशकात बांधायला घेतलं ते मुख्यतः याच लोंढ्याच्या पाण्यासाठी.

लाकडासोबत आणखी काय गेलं पॅरिसला, माहितीये? दूध. एकोणिसाव्या शतकात मोर्वाँच्या बायका स्वतःचं तान्हं मूल गावी ठेवून श्रीमंतांच्या घरी त्यांच्या मुलांना दूध पाजणाऱ्या दाई म्हणून जायच्या. त्या पैशातून बांधलेल्या घरांना अजून 'दुधाची घरं' म्हणतात. आणि उलट दिशेने पॅरिसची अनाथ मुलं इथल्या शेतकऱ्यांकडे वाढायला यायची. आलिन्यी गावात याचं म्युझियम आहे. मी आत तासभर होते. बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडताना दोनदा नंबर चुकला.

आणि या सगळ्याला म्हणायचं 'अनटच्ड'! अरे, इथला दगड न् दगड कुणीतरी हाताळलाय.

माझंही शहाणपण फार जुनं नाही, हे कबूल करते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये एका रूट-ॲपच्या भरवशावर सें-ब्रिसोंच्या पुढे जंगलात शिरले. ॲपवर मस्त हिरवी रेघ. प्रत्यक्षात चढ संपला आणि समोर बोडकं. अख्खी टेकडी भादरलेली, खुंट, फांद्यांचा खच, आणि रस्त्यावर यंत्राच्या चाकोऱ्या गुडघ्याएवढ्या खोल. त्यातून ढकलत नेताना एक फांदी मागच्या चाकात गेली, कट्ट, आणि डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, फ्रेमला जोडणारा हँगर वाकला. साखळी लटकत होती. फोनला रेंज नाही. मी तिथे उभी राहून मराठीत यथेच्छ शिव्या दिल्या.

थोडं खाली एक लाकूडतोड्या डबा खात बसला होता, म्हणजे यंत्रात बसून पॉडकास्ट ऐकत. मी तावातावाने म्हटलं, काय केलंत हे जंगलाचं, मस्यू? तो शांतपणे उठला, एका सालीचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. आतल्या बाजूला बारीक नक्षी, एका मधल्या रेघेतून दोन्हीकडे फुटलेल्या शिरा. खोडकिडा. 2018 नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांनी इथली स्प्रूसची, म्हणजे डग्लससारखीच सुईच्या पानांची, झाडं अशक्त झाली आणि या किड्याने ती उभ्या उभ्या मारली. "ही तोडली नाही तर शेजारची मरतील," म्हणाला. मग पाना घेऊन, एक डोळा मिटून, माझा हँगर बऱ्यापैकी सरळ करून दिला. तीन गिअर चालत होते. तेवढ्यावर घरी आले.

याचा अर्थ सरसकट तोड बरोबर असा नाही. एकाच जातीचं जंगल लावलंत म्हणून एकाच किड्याने खाल्लं, हे मी त्यालाही म्हटलं. तो म्हणाला, आजोबांना सांगा. इथली मंडळी यावर भांडतायत, आणि नुसती भांडत नाहीत. 2003 पासून एक गट लोकांकडून भागभांडवल गोळा करून पानझडी जंगलाचे तुकडे विकत घेतोय, ते सपाट होऊ नयेत म्हणून. मला हे भारी वाटतं. मोर्वाँतलं बहुतांश जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे विकत घेणं हाच एक सरळ मार्ग उरतो.

त्यावरून आठवलं. भावा, 'प्रिव्हे' पाटी दिसली की गुमान मागे फिर. 2023 च्या कायद्यापासून खासगी म्हणून खूण केलेल्या जंगलात शिरणं दंडाचं काम आहे. सप्टेंबरनंतर आलास तर शिकारीचे दिवस, भडक रंगाचं जॅकेट घाल. सोमवारी बेकरी बंद असते, रविवारी दुपारनंतर सगळंच. आणि पाण्याची बाटली रिकामी झाली तर गावात दुकान शोधत बसू नको, चर्चच्या मागच्या दफनभूमीत जा. फुलांना घालायला तिथे नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, तेवढं बघ. लोखंडी फाटक कुरकुरतं, नंतर नीट लावून घे.