बाकाचा पुढचा पाय उचलला गेल्याच्या तक्रारीबद्दल

नमस्कार,

ओट्यावर आम्ही बसवलेलं बाक चार महिन्यांत डुगडुगायला लागलं, पुढच्या उजव्या पायापाशी काँक्रीटचा टवका उडाला आणि फोन केल्यावर आमच्याकडून ‘तुमचं काँक्रीटच कच्चं आहे’ असं ऐकावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. काल मी स्वतः येऊन पाहिलं. काँक्रीट चांगलं आहे. चूक आमची आहे, आणि त्या उत्तराबद्दल मी मनापासून माफी मागतो.

बाक ओट्याच्या कडेशी ओळीत दिसावं म्हणून आमच्या माणसाने पुढची भोकं काठापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर पाडली आणि त्यांत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, ठोकले. हा फास्टनर आवळला की भोकाच्या भिंतींना बाहेर रेटतो. त्या रेट्यावरच त्याची पकड असते. भोवती भरपूर काँक्रीट असेल तर ते हा रेटा सोसतं, काठाशी फुटतं. १० मिलिमीटरच्या बोल्टला काठापासून निदान १०० मिलिमीटर सोडायचे, हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. त्यात माणूस पाठ टेकून रेलला की बाक मागच्या पायांवर कलायला बघतं आणि ओढ पुढच्या बोल्टांवर येते. पकड जिथे सर्वांत पक्की हवी, तिथेच आम्ही ती कच्ची ठेवली. दुसऱ्या खेपेला बोल्ट आणखी आवळला, तेव्हा उरलंसुरलं काँक्रीटही सुटलं.

लांब बोल्ट टाका, असं तुम्ही सुचवलंय. भोक काठाशीच राहिलं तर त्याने भागणार नाही. बाक १५ सेंटिमीटर मागे घेऊन चारही पायांना नवी भोकं पाडू आणि केमिकल अँकर, म्हणजे बोल्ट काँक्रीटला चिकटवणारा घट्ट होणारा गोंद, भरू. तो चिकटून धरतो, भिंती रेटत नाही. मात्र भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढावी लागते, नाहीतर तो काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतो. जुनी भोकं आणि टवका न आकसणाऱ्या मॉर्टरने भरू. या कामाचे पैसे घेणार नाही.

स्टेनलेस स्टीलचे बोल्ट उगाच लावले, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. उघड्यावर साधं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि तोही काँक्रीट फोडतो. नवे बोल्टही स्टेनलेसचेच असतील.

शनिवारी सकाळी मी येतोय, ड्रिल माझ्याच हातात असेल. तोवर त्या बाकावर कोणाला, विशेषतः मुलांना, बसू देऊ नका. काम झाल्यावरही रविवारपर्यंत ते रिकामं ठेवा.