सत्तरीनंतर गाडीला विमा मिळत नाही म्हणे!

ज्येष्ठांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: सत्तरी ओलांडली असेल तर गाडी बदलू नका. जुन्या गाडीचा विमा चालू राहतो, पण नव्या गाडीच्या वेळी कंपन्या वय बघून नकार देतात, नाहीतर हप्ता दुप्पट करतात. पंचाहत्तरीनंतर लायसन्सही मिळत नाही. इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जुन्या गाडीबरोबर जातो. अपघात झाला तर वयाचं निमित्त करून क्लेम बुडवतात. म्हणून नवी गाडी मुलाच्या नावावर घ्या. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांपर्यंत पोचवा’.

मोटार विम्याचं काम करत असल्यामुळे हा मेसेज मला दिवसाआड कोणीतरी पाठवतं आणि खाली विचारतं, ‘खरं का हो हे?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहितो.

‘वय बघून विमा नाकारतात’

गाडीच्या पॉलिसीत मुख्य दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. त्याचा हप्ता कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाडीसाठी तो फक्त इंजिनच्या सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, अधिक जीएसटी. नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो, तो याच क्रमानं ६,५२१, १०,६४० आणि २४,५९६. या कोष्टकात वयाचा रकानाच नाही. तीस वर्षांच्या मुलाची १२०० सीसीची गाडी आणि ऐंशीच्या आजोबांची तेवढ्याच सीसीची गाडी, दोघांना आकडा एकच. शिवाय थर्ड पार्टीच्या धंद्याचा ठरावीक वाटा उचलणं जनरल विमा कंपन्यांवर विमा कायद्यानंच बंधनकारक केलंय.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान. इथं मात्र मेसेजला थोडी जागा देतो. २००७ पासून या भागाचे दर खुले झाले, त्यामुळे कंपनी आपल्या हिशोबानं हप्ता लावू शकते, त्यात मालकाचं वयही धरू शकते. पण रोजच्या व्यवहारात वजन असतं ते मॉडेल, गाडीची किंमत, शहर आणि आधीच्या क्लेमना. एका कंपनीचा आकडा पटला नाही तर दुसरीचा मागवा. ‘हप्ता दुप्पट’ असा कुठलाही सरसकट नियम नाही.

मग ही भीती आली कुठून? माझा अंदाज, परदेशातून. मुलगा लंडनला, आई-वडील कोथरूडला, आणि तिकडच्या बातम्या फोनवरून इकडे. ब्रिटनमध्ये पॉलिसीवर चालवणाऱ्यांची नावं आणि वयं लिहावी लागतात. वयावरून जोखीम ठरवायची मुभा विमा कंपन्यांना तिथल्या समानता कायद्यातच आहे, त्यामुळे काही कंपन्या ठरावीक वयापुढे नवा ग्राहक घेत नाहीत. मुदतीच्या मध्येच गाडी बदलली तर ‘या गाडीला आमचं संरक्षण नाही’ असंही सांगू शकतात. वर्षानुवर्षांच्या ग्राहकाला असं ऐकावं लागलं की तो चिडणारच. याच तक्रारींमुळे २०१२ मध्ये तिथं सरकार आणि विमा उद्योगात करार झाला: वयामुळे नकार द्यायचा असेल तर ग्राहकाला विमा देईल अशा ठिकाणाची वाट दाखवायची.

आपल्याकडची पॉलिसी मुळात गाडीची असते, माणसाची नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीतलं ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ काढून वाचा. वैध लायसन्स असलेला कोणीही मालकाच्या संमतीनं चालवू शकतो, असा त्याचा अर्थ. म्हणून इथं स्टिअरिंगवर सून असो की सासरे, कंपनीनं आधी नावं मागितलेली नसतात.

‘पंचाहत्तरीनंतर लायसन्स नाही’

खोटं. खासगी गाडीच्या लायसन्सला कायद्यात वरची वयोमर्यादा नाही. चाळिशीनंतर डॉक्टरचं तब्येतीचं प्रमाणपत्र (फॉर्म १-ए) लागतं, आणि पंचावन्ननंतर नूतनीकरण ५ वर्षांचंच होतं.

खरा धोका वेगळाच आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ता नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीआधी लायसन्सची मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत होती. ती गेली. आता मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना. वर्षभर नूतनीकरण केलं नाही तर ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा. तरुणपणी वीस-वीस वर्षं कार्डाकडे बघावं लागलं नाही, त्यामुळे पाच वर्षांची तारीख ज्येष्ठांच्या लक्षातच राहत नाही. नव्या गाडीच्या वेळी मालक-चालकाच्या, म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाच्या, १५ लाखांच्या अपघात संरक्षणासाठी लायसन्सची तारीख विचारली जाते, ती उलटून गेलेली असते, टेबलापलीकडचा पोरगा म्हणतो, ‘काका, नाही होणार.’ काका घरी येऊन सांगतात, वय झालं म्हणून विमा नाकारला! लायसन्सच नसेल आणि गाडी ड्रायव्हर चालवत असेल, तर तसं लिहून देऊन तेवढं संरक्षण वगळता येतं. बाकी पॉलिसी मिळते.

‘नो क्लेम बोनस जुन्या गाडीबरोबर जातो’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण यात लोकांचे खरेखुरे पैसे बुडतात. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पहिल्या क्लेमविना वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. जुनी गाडी विकली की विकत घेणाऱ्याकडे पॉलिसी जाते, पण बोनस जात नाही. तो तुमच्याकडेच राहतो आणि ३ वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो.

माझ्याकडे आलेलं एक कोटेशन सांगतो. निवृत्त मास्तर, गाडी एक्स्चेंजमध्ये दिलेली, शोरूमनं काढलेल्या विम्याच्या कागदावर ओन डॅमेज सुमारे १६ हजार आणि खालच्या ओळीत ‘एनसीबी: ०’. मास्तरांनी सलग सात-आठ वर्षं क्लेम घेतला नव्हता. विचारल्यावर शोरूमचं उत्तर, जुनी गाडी आता तुमची नाही ना. इतकं सोपं करून सांगितलं की कोणालाही पटावं. प्रत्यक्षात जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागवायचं होतं. त्यासाठी पॉलिसी, विक्रीचा पुरावा, फॉर्म २९ ची (गाडी विकल्याचं आरटीओला कळवण्याच्या फॉर्मची) प्रत आणि नाव बदललेल्या आरसीची किंवा एक्स्चेंजच्या पावतीची प्रत लागते. पत्र हातात आल्यावर हप्ता ८ हजारांनी उतरला.

दोन गोष्टी सांभाळा. पत्र येण्याआधीच डिलिव्हरीच्या घाईत विक्रेता फॉर्मवर ‘५० टक्के’ टाकून देतो. तो आकडा खरा नसेल तर पुढे क्लेमच्या वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते आणि तुम्ही खोटी माहिती दिली असं ठरतं. आणि कारचा बोनस कारलाच लागतो. स्कूटरचा बोनस कारला चिकटवता येत नाही. तसाही प्रयत्न करणारे भेटतात!

आणखी एक, शोरूमचाच विमा घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. गाडी त्यांची घ्या, पॉलिसी बाहेरून आणा. चालतं.

‘अपघात झाला की वयाचं कारण’

वय हे क्लेम नाकारायचं कारण पॉलिसीत नाहीच. मुदत संपलेलं लायसन्स, दारू, खासगी गाडीचा भाड्यानं वापर ही कारणं आहेत. थर्ड पार्टीत तर लायसन्सचा घोळ असला तरी जखमीला आधी कंपनीनं पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या स्वर्णसिंग निकालात दाखवला. म्हणजे जखमीला पैसे मिळतात, वसुलीची नोटीस मात्र आजोबांच्या दारात येते.

‘म्हणून मुलाच्या नावावर घ्या’

मेसेजमधला हा सल्ला सगळ्यात घातक. वडिलांचा एनसीबी जिवंतपणी मुलाच्या नावच्या गाडीला लागत नाही. तो वारसाला मिळतो तो मालकाच्या मृत्यूनंतरच. म्हणजे ५० टक्क्यांवर पाणी. त्याहून मोठी गोष्ट, मालक-चालकाचं १५ लाखांचं संरक्षण आरसीवर ज्याचं नाव त्यालाच. गाडी मुलाच्या नावावर आणि चालवणार वडील, तर वडिलांना त्यातून एक रुपया नाही. ज्याच्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप, तोच उघडा पडला. मुलगा परदेशी असेल तर पुढचा ताप वेगळा: नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्या फोनवर, क्लेम फॉर्मवर सही त्याची, आणि सर्व्हेअर गॅरेजमध्ये उभा असताना तिकडे मध्यरात्र.

नावाचं म्हणाल तर काळजी जुन्या गाडीच्या आरसीची करा. गाडी एजंटाच्या ताब्यात दिली, पैसे मिळाले, पण आरटीओत नाव बदललं नाही, तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं, गाडी पुढे चार जणांच्या हातांतून फिरली असली तरी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळे होऊ नका, नाव बदललेली आरसी परिवहनच्या साइटवर दिसेपर्यंत मागे लागा.

आता मेसेजमध्ये न आलेलं, पण खरं

वयाचा अडसर येतो, पण बऱ्याचदा गाडीच्या वयाचा. गाडी जुनी होत गेली की झिरो डेप (पार्टच्या किमतीत घसारा न कापता भरपाई देणारं जादा संरक्षण) मिळत नाही, पंधरा वर्षांच्या पुढे तर ओन डॅमेजलाच कंपन्या नाकं मुरडतात. म्हणजे विम्याच्या भीतीनं जुनीच गाडी धरून बसणं उलटं महागात पडतं. माणसाच्या वयाची अट लागते ती वेगळ्यानं घेतलेल्या वैयक्तिक अपघात पॉलिसीला. तिथं नव्यानं शिरायला बहुतेक ठिकाणी ६५ किंवा ७० ची मर्यादा असते. ‘कार इन्शुरन्सवाल्यांनी नाही म्हटलं’ यातले काही नकार या पॉलिसीचे असतात.

आणि खरोखरच कोणी वयावरून ओन डॅमेज नाकारलं, तर तोंडी ऐकून परत फिरू नका. नकार कंपनीकडून लेखी मागा, डीलरच्या पोराकडून नाही. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र एक वर्षाची.