एका बोटाची करामत

अमेरिकन बासवादक जेम्स जेमर्सनवर कुणीतरी मराठीत लेख लिहिला, याचाच आधी आनंद झाला. त्यात त्याच्या एका बोटानं वाजवण्याचा उल्लेख ओझरता आलाय, पण खरी गंमत तिथेच आहे. डबल बासवरून (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) आलेला हा माणूस इलेक्ट्रिक बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटारही उजव्या हाताच्या नुसत्या तर्जनीनं छेडायचा. तारा जाड, फ्लॅटवाउंड (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत), आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत! त्याचा तो दबका, गोल आवाज त्यातूनच आला.

हेडफोन लावून मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं साठच्या दशकातलं त्याचं कुठलंही गाणं ऐका आणि गायकाकडे जरा दुर्लक्ष करा. खाली हा पठ्ठ्या नुसता ठेका धरून बसलेला नसतो. मात्रेच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारत स्वतःचीच एक चाल गात असतो, तरी गायकाच्या वाटेत कुठे येत नाही. मला हे दोन बोटं वापरूनही जमलेलं नाही, ते सोडा.

एवढं करून रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव नाही. ते छापून आलं १९७१ साली, मार्विन गे या गायकाच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं २००० साली दखल घेतली, तेव्हा त्याला जाऊन जवळजवळ १७ वर्षं झाली होती.