भाषा निवडताना सुरक्षिततेला मध्ये आणू नये

नव्या प्रकल्पासाठी प्रोग्रामिंगची भाषा ठरवायची वेळ आली की बैठकीत एखादा तरी सुरक्षिततेचा विषय काढतोच. त्याला चहा पाजावा आणि विषय पुढे न्यावा. पुण्यात भाषा निवडण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्या कॅबमध्ये शेजारचा काय शिकतो आहे ते पाहावे, किंवा अप्पा बळवंत चौकात जे पुस्तक दर्शनी मांडलेले असेल ते उचलावे, किंवा बेंचवर ज्या भाषेची माणसे रिकामी बसली आहेत तीच भाषा या कामासाठी सर्वांत योग्य असल्याचे सादरीकरण करावे. तिसरी रीत सर्वाधिक शास्त्रीय, कारण तिच्यावर व्यवस्थापकाची सही असते.

शक्यतो आपण सी हीच भाषा घ्यावी. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा प्रोग्रामरवर जेवढा विश्वास टाकते, तेवढा आपल्यावर घरचेही टाकत नाहीत. आपण मेमरीत ५० पानांची पंगत मांडली, म्हणजे मजकुरासाठी तेवढी जागा राखली, आणि ८० पाहुणे आले, तर सी कोणालाही दारात अडवत नाही. वरची ३० मंडळी आधी कोठीघरात आणि मग वरपक्षाच्या खोलीत ऐसपैस बसतात, आणि त्यांत कोणी हुशार असला तर पुढचा पदार्थ कोणता करायचा हे तोच आचाऱ्याला सांगू लागतो. बाहेरून आलेली ओळ वाचून घेणाऱ्या, या भाषेतील गेट्स नावाच्या फंक्शनला तर किती माणसे येणार हे विचारण्याची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८ मध्ये, म्हणजे पुण्यात सी-डॅक ही संगणन-संस्था सुरू झाली त्याच वर्षी, मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्राम, संगणकावर कोण आहे ते सांगणाऱ्या फिंगर सेवेतल्या याच फंक्शनच्या कृपेने व्हॅक्स संगणकांत शिरला. सीच्या मानकातून हे फंक्शन २०११ साली वगळले गेले. महत्त्वाचे निर्णय घाईने घेऊ नयेत, ते असे.

मर्यादा तपासण्याची कल्पना अलीकडची आहे असे कोणी म्हणाल्यास दुरुस्त करू नये. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितले होते, की त्यांच्या अल्गॉल भाषेच्या कंपायलरमध्ये, म्हणजे कोड यंत्राला कळेल असा करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, अ‍ॅरेचा (ओळीने मांडलेल्या जागांचा) प्रत्येक निर्देशांक प्रोग्राम चालू असताना तपासला जाई, आणि वेगासाठी हा तपास बंद करण्याची सोय देऊ का, असे विचारल्यावर ग्राहकांनी एकमुखाने ‘नको’ म्हटले. तेव्हाच्या यंत्रांचा वेग लक्षात घेता हे ग्राहक फारच भित्रे म्हटले पाहिजेत.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले, की आपण दरवर्षी दुरुस्त करतो त्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या हाताळणीतल्या असतात. गूगलने अँड्रॉइडचा नवा कोड मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतला, तेव्हा तिथले हे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. देखभालीच्या वार्षिक कंत्राटावर ज्यांचे घर चालते त्यांनी या आकडेवारीचा निषेध करावा.

तरीही ग्राहकाने रस्टचाच हट्ट धरला तर घाबरून जाऊ नये. तिचा कंपायलर सदाशिव पेठेतल्या दुकानदारासारखा आहे. आपले काय चुकले हे तो सविस्तर सांगतो आणि माल मात्र देत नाही. पण त्या भाषेत कंपायलरच्या काही अटी सैल करणारा ‘अनसेफ’ नावाचा एक शब्द आहे. तो मोजक्या, नीट तपासलेल्या ओळींपुरता वापरायचा असतो, असे जाणकार म्हणतात. आपण तो घराच्या उंबरठ्यापासून परसापर्यंत अंथरावा.

जावा किंवा पायथॉन घेतली तर फारच उत्तम, कारण मेमरी आता भाषा सांभाळणार म्हटल्यावर बाकीचेही तीच सांभाळेल, अशी आपली खात्री होते. मग वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसला हुकूम देणाऱ्या एसक्यूएलच्या वाक्यात जोडावा, आणि पायथॉनमध्ये कोणीही पाठवलेली पिकल फाइल, म्हणजे पायथॉनमधला डेटा बांधून ठेवलेली पुरचुंडी, विनासंकोच उघडावी. ती उघडताना तिच्यात दडवलेला कोडही चालतो, म्हणजे एका कामात दोन कामे होतात. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉगफोरशेल ही त्रुटी जावातलीच होती. प्रोग्रामच्या नोंदवहीत (लॉगमध्ये) लिहायला दिलेला मजकूर तिथे नुसता लिहिला न जाता हुकूम म्हणून पाळला जात होता, आणि त्यात पंगतीबाहेर कोणीही बसलेले नव्हते.

आता एक अनुभव सांगतो. एका कंपनीत माझ्याकडे तपासायला आलेल्या सी कोडमध्ये ग्राहकाच्या नावासाठी ३२ बाइटांची जागा होती आणि नाव तिथे लांबी न पाहणाऱ्या स्ट्रकॉपी या फंक्शनने उतरवले जात होते. इंग्रजी नावांवर ते वर्षानुवर्षे सुरळीत चालले होते. मग मराठी नावे आली. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, ३ बाइट घेते. सिद्धेश्वरची चिन्हे १०, म्हणजे ३० बाइट, आणि नाव संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य धरून ३१. तो बसला. त्याची बहीण सिद्धेश्वरी एका वेलांटीमुळे ३४ वर गेली आणि शेजारच्या खात्यातील शिल्लक बदलली. लांबी मोजून नाव उतरवावे, असे मी सुचवले. त्यावर, त्याने वेग कमी होईल, असे मला समजावण्यात आले आणि ३२ च्या जागी ६४ लिहून काम बंद करण्यात आले. ६४ मध्ये शून्य धरून बरोबर २१ चिन्हे बसतात. आडनावाचे पुढच्या स्प्रिंटमध्ये पाहू, असे ठरले आहे.