आयसीपी-एमएसचा आकडा आणि न विरघळलेला झिरकॉन

खडकांतील दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आयसीपी-एमएसने (प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त वायूत, नमुन्याचे आयन करून ते मोजणाऱ्या यंत्राने) मोजण्याविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: ‘पूड आम्लात विरघळवा, द्रावण आयसीपी-एमएसला द्या, काही मिनिटांत लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत चौदाही मूलद्रव्ये अचूक मिळतात, वाचनांत एका टक्क्याचाही फरक पडत नाही, मग प्रमाण-नमुने (ज्यांतले आकडे आधीच ठाऊक आहेत असे खडक) हवेत कशाला?’ यातला वेग तेवढा खरा आहे.

पहिली अडचण ‘विरघळवा’ या शब्दातच आहे. दख्खनच्या बेसाल्टची पूड उघड्या टेफ्लॉन बीकरात, हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांत सहसा विरघळते. बहुधा त्याच अनुभवावरून हा दावा निघाला असावा. ग्रॅनाइटमधला झिरकॉन (झिर्कोनियमचे चिवट खनिज) मात्र या आम्लांना दाद देत नाही. द्रावण वरून स्वच्छ दिसते, पण सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाशी चिमटीतही न येणारे जड कण बसलेले असतात आणि इटर्बियम-ल्युटेशियम या जड मूलद्रव्यांचा बराच वाटा त्यांतच अडकलेला असतो. मग मूलद्रव्ये हलक्यापासून जडापर्यंत मांडलेल्या आलेखाची उजवी बाजू खाली झुकते आणि अभ्यासक ‘जड मूलद्रव्ये धरून ठेवणारा गार्नेट मूळ खडकात शिल्लक राहिला’ असे म्हणून मोकळा होतो. बंद दाबपात्रात काही दिवस तापवणे किंवा लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवणे किचकट आहे खरे, पण ग्रॅनाइटला त्यावाचून गत्यंतर नाही.

‘अचूक मिळतात’ हेही तपासून पाहावे लागते. यंत्र आयन निवडते ते वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरावरून. मूलद्रव्याचे नाव त्याला ठाऊक नसते. प्लाझ्मात बेरियम-१३७ ला ऑक्सिजन-१६ चिकटला की बेरीज १५३ होते आणि ती युरोपियम-१५३ च्या खात्यात जमा होते. युरोपियम-१५१ कडे वळूनही सुटका नाही, कारण तेथे बेरियम-१३५ आडवा येतो. ऱ्होड आयलंडच्या जी-२ या प्रमाण-ग्रॅनाइटात बेरियम सुमारे १८८० आणि युरोपियम सुमारे १.४ पीपीएम (दशलक्षात भाग) आहे. बेरियमचा हजारावा भाग जरी ऑक्साइड झाला, तरी समस्थानिकांची प्रमाणे (अनुक्रमे ११ व ५२ टक्के) धरून हिशेब केल्यास सुमारे ०.४ पीपीएम युरोपियम फुकटचे दिसते. प्लॅजिओक्लेज (युरोपियम सामावून घेणारे फेल्डस्पार खनिज) शिलारसातून वेगळे झाल्याची खूण म्हणून आपण युरोपियमची जी घट शोधतो, ती त्याखाली बुजू शकते. म्हणूनच निव्वळ बेरियमचे द्रावण चालवून ऑक्साइडचा वाटा मोजायचा आणि तो वजा करायचा असतो.

राहिला एका टक्क्याचा फरक. अर्धवट विरघळलेले द्रावण तीनदा मोजले, तर तीनदा तोच अपुरा आकडा येतो. जी-२ त्याच तुकडीत, त्याच पद्धतीने विरघळवून आधी झिर्कोनियम पाहावे: तो जी-२ च्या ज्ञात, सुमारे ३०० पीपीएमच्या बराच खाली थांबला, तर त्या तुकडीतील ग्रॅनाइटांचे इटर्बियम-ल्युटेशियमचे आकडे तक्त्यात घालू नयेत.